१०८ चौकोन आणि एक सही

गेल्या महिन्यात आमच्या गावातल्या एका मंडळाचे दोघे कार्यकर्ते सकाळीच घरी आले. मंडळाला पंचवीस वर्षे होतात, यंदा काहीतरी वेगळे करायचे आहे, रांगोळी आणि फुगड्यांच्या स्पर्धा काय दरवर्षीच होतात, असे म्हणत त्यांनी मोबाइलवर एक चित्र दाखवले. कुठल्याशा शहरात लोकांनी मिळून रंगवलेला भिंतीएवढा चेहरा. अर्धा गुलाबी, अर्धा निळा, मागे पिवळाधमक रंग. पॉप आर्ट!

"सर, प्रत्येकाला एकेक चौकोन द्यायचा. रंगवायला येत नसले तरी चालते. शेवटी सगळे चौकोन जोडले की चेहरा तयार. सगळ्या गावाचा सहभाग! तुम्ही फक्त मार्गदर्शन करा."

मी चहाचा कप खाली ठेवला आणि नाही म्हटले. दोघेही गोंधळले. आयुष्यभर शाळेत चित्रकला शिकवलेला माणूस चित्राला नाही कसा म्हणतो? त्या वेळी मला नीट सांगता आले नाही. म्हणून हा लेखनप्रपंच. माझा विरोध चित्राला नाही, झगझगीत रंगांना तर मुळीच नाही. माझा विरोध 'सहभाग' या शब्दाला आहे. हा शब्द आज ज्या पद्धतीने वापरला जातो ती एक सभ्य फसवणूक आहे, आणि हे मी सुरतेला शिकलो. शिकलो म्हणजे, त्या फसवणुकीत माझाही हात होता.

आम्हा गोवेकरांना सुरत माहीत असते ती दोन कारणांनी. एक म्हणजे शिवाजी महाराजांच्या १६६४ आणि १६७० च्या स्वाऱ्या, आणि दुसरे म्हणजे लग्नाच्या आहेरात येणाऱ्या साड्या. त्या सुरतेत मराठी माणूस किती आहे याची आपल्याला कल्पना नसते. उधना, लिंबायत, पांडेसरा या भागांत फिरा, धुळे, जळगाव, नंदुरबारकडची बोली कानावर पडत राहते. खानदेशातून वाहणारी तापीच पुढे सुरतेला जाऊन समुद्राला मिळते, आणि माणसेही तिच्याच वाटेने पोटापाण्यासाठी गेली. सुरत महापालिका गुजरातीबरोबर मराठी माध्यमाच्याही प्राथमिक शाळा चालवते. माझी मावसबहीण लग्न होऊन तिथलीच झाली. तिचे यजमान, म्हणजे आमचे भावोजी, मूळचे धुळ्याकडचे. साडीछपाईच्या कारखान्यात त्यांची उभी हयात गेली.

दोन वर्षांपूर्वी मी त्यांच्याकडे महिनाभर राहिलो होतो. त्या दिवसांत तिथल्या एका संस्थेने असाच घाट घातला होता. परिसरातल्या बायका आणि शाळकरी मुले यांनी मिळून बहिणाबाई चौधरींचे पोर्ट्रेट करायचे, पॉप आर्टच्या शैलीत. बाहेरून एक तरुण चित्रकार मार्गदर्शक म्हणून बोलावला होता. मी चित्रकलेचा निवृत्त शिक्षक आहे हे कळल्यावर मलाही मदतीला ओढले. मी आनंदाने गेलो. खानदेशातून आलेल्या माणसांनी खानदेशच्या बहिणाबाईंचा चेहरा सुरतेच्या भिंतीवर उभा करायचा, याहून चांगली कल्पना कोणती?

पद्धत सोपी आहे. एक छायाचित्र घ्यायचे. संगणकावर त्यातल्या मधल्या सगळ्या छटा काढून चारच ठेवायच्या: उजळ, मध्यम, गडद आणि काळी. मग प्रत्येक छटेला एक भडक रंग नेमून द्यायचा. चित्रावर चौकड्या आखायच्या. आमच्या चौकड्या होत्या नऊ उभ्या ओळींत बारा, म्हणजे १०८. जपमाळेच्या मण्यांइतक्या. प्रत्येक चौकोन एक फूट बाय एक फूट, त्यावर पेन्सिलीने रेघा काढलेल्या, कुठल्या भागात कुठला रंग त्याचा आकडा घातलेला. मागच्या बाजूला चौकोनाचा क्रमांक, आणि ज्याने रंगवला त्याने तिथेच आपले नाव लिहायचे.

यातली खरी गंमत अशी की रंगवणाऱ्याला आपल्या हातात काय आले आहे ते कळत नाही. एका मुलाने बराच वेळ डोके खाजवून विचारले, "हा डोंगर आहे का?" ती नाकाची कड होती. एकीच्या चौकोनात अर्धा डोळा आला, तिने तो जीव लावून रंगवला आणि शेजारणींना बोलावून बोलावून दाखवला. पंचाहत्तर-ऐंशी माणसे असतील, काहींनी दोन दोन चौकोन घेतले. दोन दिवस तो हॉल नुसता गजबजला होता.

त्यात सत्तरीच्या एक आजी होत्या. जन्मात ब्रश धरलेला नव्हता. त्यांच्या वाट्याला डोक्यावरच्या पदराचा चौकोन आला. त्यात एकही रेघ नव्हती. सगळा लाल. त्यांनी तो मुकाट्याने रंगवला, वाळू दिला आणि मग त्याच्याकडे बघत म्हणाल्या, "एवढा मोठा पदर, आणि काठ नाही?"

कोणी काही बोलायच्या आत त्यांनी शेजारच्या मुलीचा बारीक ब्रश घेतला, पिवळा रंग घेतला आणि चौकोनाच्या एका कडेला ठिपके काढले. ठिपक्यांच्या मधून एक वेल. हात कापत होता, वेल जरा वाकडीच झाली. पण तो काठ होता. त्यांनी मागे आपले नाव लिहिले, म्हणजे नातीकडून लिहवून घेतले, आणि समाधानाने घरी गेल्या.

रात्री आम्ही चारपाच जण थांबलो. सगळे चौकोन जमिनीवर मांडले. दुरून बघितले तर चेहरा सुंदर उमटला होता, पण डाग होते. कुणी रेघेबाहेर गेले होते, कुणाचा गुलाबी जास्त पातळ, एका मुलाने पार्श्वभूमीच्या पिवळ्यात चिमणी काढली होती. आणि पदरात, मध्येच कुठेतरी, एक तुटक काठ. मार्गदर्शक म्हणाले, "एवढे सारखे करून घेऊ. उद्या पाहुणे आहेत." आम्ही सारखे करायला बसलो. चिमणी गेली. रेघा सरळ झाल्या. काठाचा चौकोन त्यांनी स्वतः घेतला.

त्यासाठी लागणारा लाल रंग कालवून दिला तो मी.

दुसऱ्या दिवशी चौकोन प्लायवर ठोकून भिंतीला उभे केले. पाहुणे आले, टाळ्या झाल्या. बाजूला मोठा फ्लेक्स होता. त्यावर देणगीदाराचा फोटो, संस्थेच्या पदाधिकाऱ्यांचे फोटो, मार्गदर्शकाचे नाव हातभर अक्षरांत. तळाला एक ओळ: 'सहभाग: परिसरातील महिला व विद्यार्थी'. मागच्या बाजूला लिहिलेली सगळी नावे प्लायला चिकटून कायमची झाकली गेली होती. आजी चित्रासमोर उभ्या राहून बराच वेळ शोधत होत्या. मग मला म्हणाल्या, "भाऊ, माझा काठ कुठे गेला?" मी काय सांगणार? मार्गदर्शकच पुढे झाले. "आजी, दुरून तो चांगला दिसत नव्हता." आजी हसल्या. "असं का," म्हणाल्या आणि खुर्चीवर जाऊन बसल्या.

झाले एवढेच. कोणी रडले नाही, भांडले नाही. कोणाला अन्याय झाला असेही वाटले नसेल. पण त्या 'असं का' ने माझी झोप घालवली आहे.

आता मुद्द्याकडे येतो. पहिला प्रश्न पॉप आर्टच्याच बाजूने विचारतो. आम्ही त्या रात्री जे केले ते पॉप आर्ट तरी होते का?

पॉप आर्ट म्हटले की पहिले नाव येते अँडी वॉरहॉलचे. १९६२ च्या ऑगस्टमध्ये मेरिलिन मन्रो वारली. त्याच वर्षी वॉरहॉलने सिनेमाच्या प्रसिद्धीसाठी काढलेला तिचा एक जुना फोटो घेतला, त्याची स्क्रीन केली आणि तो छापत सुटला. 'मेरिलिन डिप्टिक' या चित्रात तो एकच चेहरा ५० वेळा आहे. डावीकडे २५ रंगीत, उजवीकडे २५ काळे-पांढरे. रंगीत चेहऱ्यांत ओठांचा लाल ओठांवर नीट बसलेला नाही, डोळ्यांवरचा निळा सरकलेला आहे. उजवीकडे तर कुठे शाई इतकी दाटली आहे की चेहरा काळवंडला, कुठे इतकी कमी की चेहरा विरत विरत गेला. हे सगळे त्याने तसेच ठेवले. त्या चित्राची सगळी ताकद तिथेच आहे. एकच चेहरा पन्नासदा छापला तरी दोन चेहरे एकसारखे येत नाहीत, हेच तर तो दाखवत होता.

मी हे भावोजींना सांगितले तेव्हा ते खूप हसले. म्हणाले, "आमच्याकडे असा माल निघाला असता तर सेकंड म्हणून बाजूला टाकला असता आणि आमचे पैसे कापले असते." बरोबरच आहे. साडी विकत घेणाऱ्या बाईला काठाचा रंग काठावरच हवा असतो. पण आम्ही साडी छापत नव्हतो. आम्ही माणसांना बोलावले होते, 'या, तुमच्या हाताने काढा' म्हणून. आणि हात दिसला तेव्हा तो पुसला. एकसारखेपणाच हवा होता तर एक छापखाना पुरला असता. तासाभरात फ्लेक्सवर बहिणाबाई छापून आल्या असत्या, त्याही स्वच्छ. ऐंशी माणसांना दोन दिवस कशाला बसवले?

दुसरा प्रश्न श्रमाचा आणि नावाचा. सुरत हे सगळे मिळून काम करणाऱ्यांचे शहर आहे. हिऱ्याचे उदाहरण घ्या. नेहमीच्या गोल हिऱ्याला ५७ पैलू असतात. कारखान्यात एकच कारागीर ते सगळे पाडतो असे नाही. घाट एकाकडे, वरचे पैलू दुसऱ्याकडे, खालचे तिसऱ्याकडे. अंगठीत बसलेल्या हिऱ्यावर कुणाचेच नाव नसते. साडीचेही तसेच. भावोजींच्या उमेदीच्या काळात लांबलचक टेबलावर कापड ताणून बसवत. टेबलाच्या दोन बाजूंना दोघे जण. स्क्रीनची चौकट ठेवायची, रंग ओढायचा, चौकट उचलायची, पुढच्या खुणेवर ठेवायची. प्रत्येक रंगाला वेगळी स्क्रीन. पाच रंगांची साडी म्हणजे त्याच टेबलावरून पाच फेऱ्या. खूण केसभर चुकली की फुलाचा रंग पानावर. पुढे यंत्रे आली, आता संगणकावरून थेट छपाई होते, पण हाताची छपाई म्हणजे दोघांची जुगलबंदीच असायची असे भावोजी सांगतात.

मी त्यांना विचारले, तुम्ही छापलेल्या हजारो साड्यांवर तुमचे नाव कुठे नाही, त्याचे वाईट नाही वाटत? त्यांचे उत्तर मला कुठल्याही कलासमीक्षकाच्या लेखापेक्षा मोलाचे वाटते. ते म्हणाले, "नावाच्या बदल्यात मजुरी घेतली ना. हिशेब झाला."

हिशेब झाला! बघा, वॉरहॉलच्या बाबतीतही हा हिशेब मांडता येतो. न्यूयॉर्कमधल्या त्याच्या स्टुडिओचे नावच 'फॅक्टरी' होते. १९६३ मध्ये त्याने जेरार्ड मलांगा या तरुण कवीला हाताखाली घेतले. मलांगा स्क्रीन छपाई शिकला होता तो कापडाच्या धंद्यात, म्हणजे आमच्या भावोजींचाच व्यवसायबंधू! त्याला ताशी सव्वा डॉलर मिळत, तेव्हाची तिथली किमान मजुरी. वॉरहॉल १९८७ साली गेला. त्याने १९६४ साली केलेल्या मेरिलिनच्या एका चित्राला २०२२ च्या मे महिन्यात लिलावात १९ कोटी ५० लाख डॉलर आले. हे न्याय्य आहे असे मी म्हणत नाही. पण मलांगाला निदान मजुरी मिळाली, आणि त्याचे नाव आज कलेच्या इतिहासात आहे.

आपल्याकडे हाताने रंगवलेल्या सिनेमाच्या बॅनरांचेही तेच. छोट्या फोटोवर चौकड्या आखायच्या आणि त्या मोजून अवाढव्य कापडावर उतरवायच्या. नटाचा चेहरा उस्ताद काढणार, कपडे, अक्षरे, पार्श्वभूमी शागीर्द भरणार. समूहाने केलेले पॉप पोर्ट्रेट म्हणतात ते याहून वेगळे काय असते? मकबूल फिदा हुसेन तरुणपणी मुंबईत हेच काम करत. त्यांच्याबरोबर शिडीवर चढलेल्यांची नावे आज कुणाला सांगता येणार नाहीत. पण संध्याकाळी रोज मिळत होता आणि काम शिकायला मिळत होते.

आता सुरतेच्या त्या हॉलमध्ये बसलेल्या बायकांचा हिशेब मांडा. मजुरी? नाही, कारण हा 'सहभाग'. नाव? तेही नाही, कारण हे 'सामूहिक'. निर्णय? चेहरा कोणाचा, रंग कुठले, चित्र शेवटी कुठे लागणार, यातले एकही त्यांना विचारलेले नव्हते. आणि जिने आपण होऊन एक निर्णय घेतला, पदराला काठ हवा एवढाच, तिचा निर्णय रात्रीतून रंगाखाली गेला. कारखान्यात मजुरी तरी आहे. इथे मजुरीही नाही आणि नावही नाही. आणि चित्र? ते कार्यक्रमानंतर देणगीदाराच्या कार्यालयाच्या जिन्यात लागले. त्या बायकांपैकी कोणीही तो जिना चढलेली नाही.

हात लोकांचे घ्यायचे, डोके मात्र आपलेच ठेवायचे, याला सहकार्य म्हणत नाहीत. मराठीत याला एक जुना आणि नेमका शब्द आहे: वेठ.

इथे काही वाचक हमखास म्हणतील की आपल्या परंपरेत कलाकार नाव लावतच नाही. देवळांच्या भिंतींवरची कावी चित्रे कुणी काढली? कुणाला ठाऊक? आपली संस्कृती 'मी'पणाची नाही वगैरे. हा युक्तिवाद मला मान्य नाही. ज्यांनी ती चित्रे काढली त्यांनी आपणहून नाव नाकारले, की त्यांना कुणी विचारलेच नाही, हे आपल्याला कसे कळणार? अजिंठ्याला जा. सोळाव्या लेण्यात शिलालेख आहे. वाकाटक राजा हरिषेण याचा मंत्री वराहदेव याने ते लेणे दान केले, हे त्यावरून आपल्याला दीड हजार वर्षांनंतरही कळते. चित्रकारांची नावे मात्र नाहीत. म्हणजे नाव लिहायची पद्धत होती, लिहिणारे होते, जागाही होती. देणगीदाराला फ्लेक्स तेव्हाही मिळाला होता! परंपरेच्या नावाखाली आपण ज्याला निरहंकार म्हणतो तो नेहमी कारागिराच्याच वाट्याला का यावा? देणगीदाराने एकदा तरी निरहंकारी होऊन दाखवावे.

आणि खरोखर निनावी, खरोखर सामूहिक कला कशी असते ते बघायला गोवेकराला लांब जावे लागत नाही. आपला नरकासुर बघा. दिवाळीच्या आधी वाड्यावरची पोरे कुठल्या तरी आडोशाला बांबू, गवत, कागद गोळा करून बसतात. मुखवटा कसा करायचा यावर भांडणे होतात. डोळे लाल की पिवळे, जीभ बाहेर की आत, हातात गदा की आणखी काही. रात्र रात्र जागून तो उभा राहतो, आणि पहाटे जाळतात. सही नाही, फोटो नाही, चित्रच उरत नाही. तरी उजवा हात कुणी केला, मुखवटा कुणी रंगवला हे वाड्यावरच्या प्रत्येकाला माहीत असते. ती पोरे निनावी असतात ती बाहेरच्यांना. एकमेकांत कुणीच निनावी नसते. आणि सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे ठरवतात तीच. रात्री येऊन त्यांचा नरकासुर 'सारखा' करणारा कुणी मार्गदर्शक नसतो. (आता नरकासुराच्याही शेजारी पुरस्कर्त्यांचे फलक उभे राहतात, तो वेगळ्या लेखाचा विषय. असो.)

म्हणून माझी कसोटी नुसती नावाची नाही. ठरवण्यात वाटा होता का, ही खरी कसोटी. नाव ही त्या वाट्याची पावती.

कायद्याचेही दोन शब्द सांगतो, कारण 'नावाचे काय एवढे' असे म्हणणाऱ्यांना कायदा चटकन कळतो. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात संयुक्त कर्तृत्वाची व्याख्या आहे. दोन किंवा अधिक कर्त्यांनी मिळून केलेली अशी कृती, की जिच्यात एकाचा वाटा दुसऱ्याच्या वाट्यापासून वेगळा काढता येत नाही. याच कायद्याचे कलम ५७ कर्त्याला आपले कर्तृत्व सांगण्याचा आणि कृतीची मोडतोड झाल्यास दाद मागण्याचा हक्क देते, हक्क विकून टाकले असले तरीही. शिल्पकार अमरनाथ सहगल यांचे विज्ञान भवनातले भित्तिशिल्प १९७९ साली काढून गोदामात टाकले गेले. दिल्ली उच्च न्यायालयाने २००५ साली सरकारला ते अवशेष शिल्पकाराला परत करायला लावले, वर पाच लाख रुपये भरपाईही दिली. अमेरिकेत तर खुद्द वॉरहॉलच्याच नावाने असलेली संस्था हरली. लिन गोल्डस्मिथ या छायाचित्रकार बाईंनी १९८१ साली प्रिन्स या गायकाचा फोटो काढला, वॉरहॉलने त्यावरून चित्रे केली, आणि २०१६ साली त्यातले एक मासिकाच्या मुखपृष्ठावर आले तेव्हा बाईंना ना पैसा मिळाला ना नाव. २०२३ च्या मे महिन्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने त्या वापराबाबत सात विरुद्ध दोन मतांनी बाईंच्या बाजूने निकाल दिला.

आखलेल्या रेघांत रंग भरणारी बाई कायद्याने 'कर्ती' ठरेल का, यावर वकील वाद घालतील. घालोत. मी वकील नाही. पण ज्या क्षणी आजींनी त्या लाल चौकोनात काठ काढला, त्या क्षणी त्या चित्रात एक गोष्ट अशी आली जी फोटोत नव्हती, संगणकात नव्हती, मार्गदर्शकाच्या आराखड्यात नव्हती. १०८ चौकोनांत स्वतःचे काही आणणारी माणसे मोजकीच होती: काठवाल्या आजी आणि चिमणीवाला मुलगा. आणि आम्ही नेमकी तीच पुसली.

आणि चेहरा कोणाचा होता? बहिणाबाईंचा! यापरते विडंबन नाही. शाळेचे तोंड न पाहिलेली बाई. शेतात आणि जात्यावर तिने गाणी रचली ती बोलून, लिहून नव्हे. मुलगा सोपानदेव आणि नात्यातले पितांबर चौधरी यांनी ती टिपून ठेवली म्हणून वाचली. १९५१ साली बहिणाबाई गेल्या आणि पुढच्याच वर्षी ते पुस्तक आले, अत्र्यांच्या प्रस्तावनेसह. सोपानदेव स्वतः कवी होते. त्यांना ती गाणी 'सारखी' करता आली असती. लेवा बोलीतले शब्द पुसून पुण्याची भाषा घालता आली असती. 'खानदेशातील स्त्रियांची गाणी' असे म्हणून आईचे नाव गाळता आले असते. त्यांनी बोली ठेवली आणि नाव ठेवले. म्हणून आज जळगावच्या विद्यापीठाला बहिणाबाईंचे नाव आहे. त्या बाईच्या पदरावर दुसऱ्या एका खानदेशी बाईने काढलेला काठ आम्ही लाल रंगाने झाकला. बहिणाबाईंचा सन्मान म्हणून!

मार्गदर्शकाची बाजूही मांडतो, कारण तो मुलगा वाईट नव्हता. तो म्हणाला होता की चेहरा ओळखू आला नाही तर सगळ्यांचीच निराशा होईल, कुणीतरी एकाने शेवटची नजर टाकावीच लागते. खरे आहे. नाटकाला दिग्दर्शक लागतो, भजनाला टाळ धरणारा लागतो. पण टाळ धरणारा मागच्या ओळीतल्याचा आवाज बंद करत नाही. आणि पंधरा हातांवरून बघितले तर त्या काठाने चेहरा बिघडत नव्हता. मी स्वतः बघितले होते. बिघडत होती ती आमची कल्पना, चित्र कुणाचे दिसावे याची.

तर मंडळाच्या त्या दोघा कार्यकर्त्यांसाठी माझ्या अटी लिहून ठेवतो. या मान्य असतील तर मी मार्गदर्शन सोडाच, चौकोन कापण्यापासून फरशी पुसण्यापर्यंत सगळे करीन.

पहिली, चेहरा कोणाचा ते रंगवणाऱ्यांनी बसून ठरवायचे. देवळात घंटा वाजवणाऱ्या काकांचा ठरला तरी चालेल, पोदेराचा ठरला तर अधिकच चांगले. दुसरी, प्रत्येक चौकोनात थोडी जागा अशी ठेवायची जिथे रंगवणाऱ्याने हवे ते काढावे. तिसरी, एकदा दिलेला चौकोन त्याच्या मालकाला विचारल्याशिवाय कुणी हात लावून सुधारायचा नाही. विचारायला घरी जावे लागले तरी जायचे. गाव केवढे आहे असे? चौथी, सगळ्यांची नावे चित्राच्या शेजारी, देणगीदाराच्या नावाइतक्याच मोठ्या अक्षरांत. फलकावर जागा पुरत नसेल तर फोटो कमी करावेत. पाचवी, कार्यक्रमानंतर चित्र कुठे लागेल ते आधी ठरवायचे, आणि ते अशा ठिकाणी लागले पाहिजे जिथे रंगवणारा कधीही जाऊन आपल्या नातवंडाला सांगू शकेल, "हा माझा."

यात अवघड काय आहे ते मला कळत नाही. खर्च वाढत नाही, वेळ थोडा वाढेल. चेहरा थोडा ओबडधोबड होईल. होऊ दे. ऐंशी माणसांनी काढलेला चेहरा एका माणसाने काढल्यासारखा गुळगुळीत दिसत असेल तर समजावे की रात्री कुणीतरी जागत बसले होते.

सुरतेच्या त्या जिन्यात मी निघण्याच्या आदल्या दिवशी जाऊन आलो. भावोजींची ओळख होती म्हणून वर सोडले. पदराचा तो चौकोन मला लगेच सापडला. दोनदा रंग बसल्यामुळे तो बाकीच्यांपेक्षा जरा गडद आहे, आणि उजेड बाजूने आला की लाल रंगाखाली ठिपक्यांचे उंचवटे दिसतात. वेलही दिसते, वाकडी. मी घरी येऊन बहिणीला सांगितले आणि आजींना कळव म्हटले. तिने कळवले की नाही हे मी अजून विचारलेले नाही. विचारायला धीर होत नाही.